पंपाची भिंत

३ जानेवारी १९८३
"मूल झोपत नाही, कारण आईच्या कुशीत ऊब नाही." दादरच्या डॉक्टरांचं वाक्य. मनू तेव्हा दोन वर्षांची, आता सात. कुशीची ऊब त्यांनी टेबलापलीकडून कशी मोजली, देव जाणे.
काल रात्रभर मनू जागी. पहाटे सोसायटीचा पंप सुरू झाला, तशी उठली, आतल्या खोलीत, पलीकडे पंपघर आहे त्या भिंतीला पाठ लावून बसली. आणि झोपली! ऊन वर येईस्तोवर.

९ जानेवारी
पलंग त्या भिंतीला लावला. रोज तेच. घरघर सुरू, डोळे मिटले. डॉक्टरांना कळवावं का? ऊब सापडली, पाच हॉर्सपॉवरची.

२० जानेवारी
झोपलेली मनू वेगळीच मुलगी. दीड वर्षाची असताना 'आई' म्हणायची, मग तेही गेलं. आज माझं बोट धरून माठापाशी नेलं. म्हणाली, "दे."
मी पेला काठोकाठ भरून दिला.
सासूबाई : "आधी मागायलाच शिकली कार्टी." धन्य.

२९ जानेवारी
नोटीस लागली : नवा पंप, बिनआवाजाचा. वर नाडकर्ण्यांकडे गेले. सेक्रेटरी ना ते! सगळं सांगितलं.
"वहिनी, पंप पाण्यासाठी असतो, अंगाईसाठी नाही." स्वतःच हसले. "आणि झोपेचं औषध मिळतं की."
दिलं होतं. आठवडाभर मान टाकून, लाळ गाळत पडली होती. त्याला झोप म्हणतात हे लोक.
म्हटलं, "मग तुमचं घोरणं तरी चालू ठेवा, खाली छान ऐकू येतं."
चहा न घेता उतरले. जीभ आवरायला हवी होती. छे, कशाला?

५ फेब्रुवारी
उद्या पंपासाठी सोसायटीची सभा. बोलायचं ते सभासदाने. फ्लॅट ह्यांच्या नावावर, म्हणजे मी कोणी नाही.
हे बिल्डिंगमध्ये मनूला 'जरा नाजूक' म्हणतात. काल विषय काढला, तर "चारचौघांत कशाला?" घरी तरी कुठे बोलतात!
मनू आत भिंतीला कान लावून बसलीय. पंप बंद आहे.
आज जेवताना पुन्हा विचारणार. ऐकून घेतील, भात कालवतील, "ताक आहे का?" म्हणतील. माहीत आहे. तरी विचारणार : उद्या उभे राहा, एकच वाक्य म्हणा. जुना पंप राहू द्या, माझ्या मुलीला त्याने झोप लागते. हवं तर 'माझ्या' गाळा.