तबकडीवरचं माझं पद आणि रडणारी बाई

चिटगुप्पा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप उद्धवराव दाजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा हणमंतराव याचं डोकं. इकडे आम्ही सर्व खुशाल, म्हणजे आमच्या सौ. चंद्रभागेचा गुडघा सोडून सर्व. (गुडघ्याला विचारलं तर तोही खुशालच म्हणेल, तक्रार त्याची नसते, तिची असते.) तिकडे आक्काचा दमा थंडीत वर येतो, तेव्हा मागे पाठवलेला आल्याचा मुरंबा तिला सकाळी द्यावा आणि तुम्ही तो चपातीशी खाऊ नये, ते औषध आहे.

तुमचं कार्ड पोचलं. त्यात तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे आणि खाली लिहिलं आहे की उत्तर हो किंवा नाही एवढंच कळवावं. तुम्ही उदगीरच्या कचेरीतले पेशकार, तुमचं हो-नाहीवर भागतं. आमच्या अडतीवर गुळाची ढेप विकायची तर ऊस कोणाच्या विहिरीवरचा, गुऱ्हाळात जळण कशाचं होतं, हे सगळं सांगून मग भाव बोलतात. तेव्हा उत्तर येईल, पण आपल्या पायांनी चालत येईल.

मी पदं रचतो हे तुम्हाला ठाऊक आहे. (आक्काच्या लग्नात मी मंगलाष्टकं म्हणायला उभा राहिलो आणि तुमच्या वडिलांनी वाजंत्र्यांना खूण केली, ते मी विसरलो आहे.) पदं पुष्कळ झाली, पण जीव एकातच आहे. त्याचं पालुपद असं:

तराजू तुझ्या हाती, मी नुसता गूळ
तोल रे देवा, झाडून धूळ

चौदा कडवी आहेत आणि शेवटच्या कडव्यात रीतीप्रमाणे 'हणमंत म्हणे' आहे. हे पद आपल्या मारुतीच्या देवळातल्या भजनात म्हटलं जावं आणि ते मी जिवंतपणी ऐकावं, एवढी एकच इच्छा मला राहिली आहे. आड येत होता भीमण्णा. भजनी मंडळींचा म्होरक्या तो, आणि त्याच्या गुरूपासून चालत आलेला नेम असा की हयात माणसाचं पद म्हणायचं नाही. मी किती वर्षं त्याच्या मागे लागलो असेन! दर वेळी मी त्याला पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवावं, त्यानं डोळे मिटून ऐकावं आणि एकच सांगावं, "पद झ्याक हाय मालक. पर माणूस हाय तवर बिघडायची भीती असती. एकदा मेला की पक्का होतोय." यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, गुळाचंही तसंच आहे, पण साठी उलटलेल्या माणसाला ही सोय फारशी सोयीची नाही.

अशा मनःस्थितीत मी मन्नाएखेळ्ळीच्या अड्ड्यावर मोटारीची वाट पाहत बसलो असताना विरुपाक्ष मास्तर भेटले. काळा कोट, गळ्यात उपरणं, हातात फोनोच्या तबकड्यांची चामडी पेटी. शेजारच्या लिंगायत आजोबांशी कानडी, मोटारवाल्याशी दखनी आणि माझ्याशी अशी मराठी की मला वाटलं हा माणूस आपल्याच गल्लीतला. ते गानसागर कंपनीचे. कंपनी मुलखातले 'दडलेले कवी' शोधत होती. दाजी, मी कधी दडलो नव्हतो, उलट लोकच मला पाहून दडतात; पण कोणी शोधतो आहे म्हटल्यावर दडलेलं असल्यासारखं वाटायला लागतं. मी पद म्हटलं. मास्तरांनी पहिल्याच कडव्याला डोळ्याला उपरणं लावलं. मोटार आली, गेली, आम्ही तिथंच.

ठरलं ते असं. हैदराबादेतली एक नामांकित गाणारी बाई माझं पद म्हणणार, कंपनी त्याची तबकडी काढणार, ती गावोगाव वाजणार. गाणं लिहिणाऱ्यानं काही द्यायचं नाही. फक्त तबकडीला मेण लागतं, तेवढं मेण ज्याचं त्यानं द्यायचं. मला हे रास्त वाटलं. मेण दिलं. पुढच्या वेळी मास्तर आले, तर चाल बसवणाऱ्याचा मान द्यायचा होता. तोही दिला. मग कळलं की तबकडी तीन मिनिटांची असते आणि माझी कडवी चौदा. नऊ गाळावी लागतील असं मास्तर फार दुःखानं म्हणाले. मी म्हटलं, नऊ मुलं गाळा म्हणालात तरी एक वेळ विचार करीन. (आम्हाला तीनच आहेत, पण बोलण्याच्या ओघात.) तेव्हा त्यांनी तोड काढली की बाईला भरभर म्हणायला लावू, मात्र भरभर म्हणण्याचा दर निराळा. त्यानंतर बाजाची पेटी वाजवणाऱ्याला हिवताप आला. माझ्या पदासाठी आजारी पडलेला माणूस! त्याच्या औषधाला मी नाही कसं म्हणू? चंद्रभागा प्रत्येक वेळी चहा आणून ठेवायची आणि आत जाताना भिंतीला म्हणायची, "बाईचं लुगडं कदी मागायलाय, त्याचीच वाट बघायलेय मी." पुढच्या खेपेला मास्तरांनी बाईचं लुगडं मागितलं. तिच्या तोंडाला काही विशेष गुण आहे, हे मी लग्नापासून म्हणतो.

पण तबकडी आली, दाजी! ऐन खंडेनवमीच्या सकाळी माणूस आणून देऊन गेला. काळीभोर, चकचकीत, मधोमध लाल कागद आणि त्यावर सोनेरी बाळबोध अक्षरांत माझं नाव. फोनो गावात एकच, गुरुशांतप्पांच्या कापडदुकानात. त्यांनी तो डोक्यावर घेऊन आमच्या अडतीवर आणला आणि तास-दीड तासात अर्धं चिटगुप्पा ओट्यावर आलं. आता खंडेनवमीला आपण काय करतो? तराजू पुजतो, मापं पुजतो, कोयता पुजतो. तबकडी तर त्या दिवशीची सर्वांत नवी वस्तू. मी तिला हळदकुंकू वाहिलं. गुरुशांतप्पांचा फोनो, तेव्हा त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली. मग बायका पुढे झाल्या, कोणालाच मागे राहायचं नव्हतं. कल्लप्पा तेल्यानं तेलाचा थेंब सोडला, कारण चाकाला तेल लागतंच. नैवेद्याचा गूळ कोणी ठेवला ते ठाऊक नाही, पण तबकडीवरच ठेवला होता. त्यानंतर गुरुशांतप्पांनी ती फडक्यानं पुसली. पुसली म्हणजे सगळं एक केलं.

चावी दिली, सुई टेकवली. आधी खर्र झालं, मग घुर्र झालं, आणि मग त्यातून कोणाचा तरी हुंदका आला. पुन्हा हुंदका. मग हुंदक्यांची अशी रांग लागली की श्वास घ्यायला जागा नाही. शेवटी राजूबाई मावशी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "अगं बया, गाणारी रडायलीय की!" झालं. ओट्यावरच्या निम्म्या बायका रडायला लागल्या. काय पद असेल की ज्यानं हैदराबादेच्या बाईला तोंड उघडता येईना! मीही रडलो. मला तर कारणही होतं.

कल्लप्पाला मात्र तेल्याचा स्वभाव, सगळं पिळून बघायचं. तो म्हणाला, "रडणं ऐकू यायलंय, पर शब्द कुटं हायत? आनि बाईचा आवाज पुरुषावानी कामून?"

"रडून घसा बसलाय तिचा," मावशी म्हणाली. "तुजी म्हातारी मेली तवा तुजा कसा झालता?"

पण शब्द नाहीत हे खरं होतं, आणि ते सगळ्यांच्या ध्यानात यायला लागलं. लोक माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात भीमण्णा उठला. त्यानं सुई उचलून बाजूला केली, देवळातून टाळ मागवले आणि म्हणाला, "बाईला आवरंना, त्यात तिचा काय दोष न्हाई. शब्द आपुन म्हणू. मालक, नेमाला बाध नको म्हणून सांगतो, आजच्या रोज तुमी मेलात असं आमी समजतो."

चंद्रभागा आतून ताडकन बाहेर आली. "सणाच्या दिशी काय बोलायलास भीमण्णा? माज्या कपाळावर कुंकू हाय!"

"वैनी, दिवस मावळंपतूर. दिवे लागले की परत तुमचे."

"मग चालंल," ती म्हणाली आणि आत गेली. (या बाबतीत माझं मत कोणी विचारलं नाही. मेलेल्याला कोण विचारतो?)

आणि भीमण्णानं पद म्हटलं. कागद नाही, वही नाही. चौदाही कडवी, एकही न चुकता. इतकी वर्षं डोळे मिटून नको नको म्हणणाऱ्या माणसाला अक्षर न् अक्षर पाठ होतं. 'तोल रे देवा' आलं की ओटा, रस्ता, समोरचं दुकान सगळं एका आवाजात. 'हणमंत म्हणे' आलं तेव्हा भीमण्णानं टाळ थांबवून मला हात जोडले. मी काय करावं ते न कळून त्यालाच हात जोडले. दाजी, मेल्यावर इतकं सुख असतं हे आधी कोणी सांगितलं असतं, तर मी जगण्याचा एवढा आटापिटा केला नसता.

आता दर सोमवारी ते देवळात म्हटलं जातं. भीमण्णा म्हणतो, एकदा मेलेला धरला तो धरला, परत परत कोण जिवंत करत बसणार. जनवाड्याचे टाळकरीसुद्धा उतरून घेऊन गेले. मी देवळाबाहेर चपलांपाशी बसतो आणि ऐकतो.

आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
हणमंतराव

ता. क. – तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विरुपाक्ष मास्तर उदगीर स्टेशनावर तबकड्यांच्या पेटीसकट धरला गेला हे तुमच्या कार्डात वाचलं. तुम्ही विचारता की मी फिर्याद देऊन तबकडी पुराव्याला आणतो का. उत्तर: नाही. कारण सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा. दसऱ्यानंतर मी तबकडी रिठ्याच्या पाण्यानं धुतली. लाल कागद सुटून आला, खाली इंग्रजी अक्षरं निघाली. गुरुशांतप्पांकडून फोनो मागून आणून मी आणि चंद्रभागेनं दार लावून ती लावली. दाजी, तिच्यात बाई नाही आणि रडणंही नाही. कोणी एक गोरा साहेब आहे आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता हसतो आहे; गुळातेलात सुई अडखळत होती म्हणून त्या दिवशी त्याच्या हसण्याचे हुंदके झाले. पहिल्या खेपेला मी उठून दाराची कडी पुन्हा तपासली. दुसऱ्या खेपेला चंद्रभागा हसायला लागली, मग मी. तिसऱ्या खेपेला साहेबापेक्षा आम्हीच जास्त हसलो. पण हीच तबकडी भरकचेरीत वाजली तर गोष्ट आठ दिवसांत चिटगुप्प्याला पोचेल, आणि फसवणुकीच्या तबकडीपायी उठून म्हटलेलं पद भीमण्णा पुन्हा म्हणेल का? माझं पद लोकांच्या तोंडी आहे, ते तोंडातून काढून घेऊ नका. फिर्यादींत माझं नाव नको. जमल्यास माणसाला समज देऊन सोडून द्यावं.

ता. क. दुसरा – सुटल्यावर तो कोणत्या गावाकडे जाणार आहे, एवढं सहज विचारून ठेवावं. काही विशेष नाही.

ता. क. तिसरा – चंद्रभागा शेजारी येऊन बसली आहे. मी लिहिलेलं सगळं तिनं वाचून घेतलं आणि तिचं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायला सांगते आहे, ते उतरवतो: "दाजीस्नी म्हणावं, त्या मेल्याला आजाबात सोडू नका, ह्यांचं दुसरं पद तयार झालंय."