बेट, मैदान आणि माझी निरवानिरव

मी, श्रीमती लिली एझरा थळकर, वय वर्षे एकाहत्तर, धर्माने बेने इस्राएल यहुदी, जन्माने रेवदंड्याची, सध्या राहणार वॉन, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. खरे तर माझा मुलगा युवल याच्या दडपणाखाली लिहीत आहे, पण तसे लिहायचे नसते असे वकीलबाई ऊर्मी म्हणाल्या.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवायला दोन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी मला घड्याळ काढून त्यात अकरा वाजलेले दाखवायला सांगितले. मी विचारले, "बेटावरचे अकरा, की आतल्या मुलखातले?" त्यांनी कागदावर काहीतरी खरडले आणि युवलला आत बोलावले. प्रश्न रास्त होता, हे पुढे कळेल.

कलम १. हे मृत्युपत्र का. माझ्या बेसमेंटमध्ये दोन भाडेकरू आहेत, आंते आणि मिर्को. दोघेही क्रोएशियाचे, दोघेही विधुर, आणि दोघांनी उभा जन्म टोरांटोच्या छतांना प्लास्टर करण्यात घालवला. आंते व्हिस नावाच्या बेटावरचा. मिर्को आतल्या मैदानी मुलखातला, स्लाव्होनियाचा, जिथे छपरावर चढले तरी मक्याखेरीज काही दिसत नाही. आता दोघांनाही गावी परतायचे आहे. ह्या उन्हाळ्यात एकाच रविवारी दोघांनी मला मागणी घातली, एकाने जेवणाआधी, एकाने जेवणानंतर.

मी मुलांना कळवले. युवल ओटावाहून म्हणाला, "मॉम, फर्स्ट मेक अ विल. देन डू व्हॉटेवर." मुलगी सारिना ब्रॉसार्डहून फोनवर रडली आणि "अ‍ॅट युअर एज?" एवढेच म्हणाली. ह्याच वयात, बाय. पुढचे वय मला मिळेलच असे नाही.

तेव्हा कोणाला काय द्यायचे, हे ह्या कागदावर लिहिते आहे. ते सोपे आहे. कोणाला हो म्हणायचे आणि उरलेले दिवस कुठे काढायचे, हे अवघड आहे, आणि तेही कागद संपायच्या आत मला ठरवायचे आहे.

कलम २. घर. राहते घर युवल आणि सारिना यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये. फर्नेसच्या पाइपांतून खालचे सगळे बोलणे वर स्वयंपाकघरात ऐकू येते, हे घर विकताना गिऱ्हाइकाला सांगू नये.

कलम ३. किरकोळ. माझे विंटर टायर सारिनाला. ती बर्फातही पुलावरून उन्हाळी टायरांनी जाते हे मला माहीत आहे. शिवणयंत्र ऊर्मीला नाही, कारण तिने मागितले. ते माझी मैत्रीण प्रमोदिनी हिला द्यायचे होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, म्हणून ते मी कालच तिच्या गाडीत ठेवले. धाकट्या नणंदेने माझ्या कुकरची शिट्टी मागून नेली ती परत दिली नाही. कुकरही तिला द्यावा, म्हणजे शिट्टी एकटी पडणार नाही.

कलम ४. एझराचे सामान. माझा नवरा एझरा, देव त्याला शांती देवो, रास्ता पेठेत वाढला. आडनाव थळकर, किनाऱ्यावरच्या गावाचे, पण समुद्राचे नुसते नाव काढले की त्याला सर्दी व्हायची. लग्नाच्या बोलणीत माझ्या बापाने अट घातली होती की पोरीला दर वर्षी महिनाभर समुद्रावर न्यायचे. एझरा दर वर्षी म्हणायचा, "बघू." पुण्यात असताना बघू, कॅनडात आल्यावर बघू, पेन्शन सुरू झाल्यावर बघू. तो गेल्यावर कपाटात पोहण्याच्या दोन चड्ड्या निघाल्या, किमतीच्या चिठ्ठीसकट. म्हणजे त्याच्या मनात होते. मला त्याचा राग आहे आणि त्याच्यावाचून करमतही नाही. चड्ड्या युवलला. त्याने त्या घालाव्यात, ठेवून देऊ नयेत.

कलम ५. बेट आणि आतला मुलूख. हे कलम "नॉट रेलेव्हंट" आहे असे ऊर्मीचे मत पडले. मी म्हणाले, लिही गं मुकाट्याने.

पाइपांतून मी वर्षानुवर्षे एकच भांडण ऐकत आले: बेट चांगले की मैदान. त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे मला सगळे समजते. भाषेचा घोटाळा एकदाच झाला. पहिल्या हिवाळ्यात मी आंतेला म्हणाले, "ड्राइव्हवे शोव्हल कर." तो म्हणाला, "पोमालो." मला वाटले, इलो, गेलो तसे पोमालो, हा मालवणकडचा कोणीतरी वाट चुकलेला दिसतो. मी आनंदाने विचारले, "खंयसून इलात?" नंतर कळले की बेटावर पोमालो म्हणजे सावकाश, होईल, घाई काय आहे. तोवर मिर्कोने आमचा ड्राइव्हवे, दोन्ही शेजाऱ्यांचे ड्राइव्हवे आणि सिटीचा अर्धा रस्ता साफ केला होता.

ऐकीव माहितीवर निकाल देणे बरे नाही, म्हणून गेल्या नोव्हेंबरात दोघे आपापल्या गावी गेले, तेव्हा मीही दोन्हीकडे जाऊन आले. युवलला वाटले मी सारिनाकडे आहे. सारिनाला वाटले मी युवलकडे आहे. मी महिनाभर गायब होते आणि दोघांनी एकमेकांना एक फोन केला नाही. हे मी येथे नमूद करून ठेवते.

आधी बेट. तिथे पाणी पावसाचे, छपरावरून अंगणाखालच्या टाकीत साठवलेले. आंतेच्या बहिणीने मला दात घासायला एक पेला पाणी दिले आणि मी चूळ भरेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिली. अकरा वाजता म्हणजे बोट येईल तेव्हा. दक्षिणेकडून ओलसर, खारा वारा सुटला आणि बोट आलीच नाही. दुकानातला पाव संपला, औषधे संपली, लग्नाला आलेले पाहुणे अडकले. कोणाला काही वाटले नाही. सगळे दगडी कट्ट्यावर बसून वाऱ्याला शिव्या देत होते. तेल मात्र काय सांगू! आमचे पूर्वज कोकणात घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तिथले ऑलिव्हचे तेल मी बोटावर घेऊन चाटले आणि मला माझ्या आजोबांच्या घाण्याचा वास आला.

मग आतला मुलूख. तिथे पाणी मुबलक, आणि ते सगळे रस्त्यावर. माझा एक बूट चिखलात गेला तो अजून तिथेच आहे. अकरा वाजता बोलावलेली माणसे साडेदहालाच अंगणात उभी असतात आणि खाल्ल्याशिवाय तुम्हाला कोणाच्या दारातून बाहेर पडू देत नाहीत. मी गेले तेव्हा डुकरे कापायचा हंगाम होता. शेजारीपाजारी न सांगता मदतीला आले होते, आणि घराघरांत सॉसेजेसची तोरणे लागली होती.

आता माझ्यासारखीने खायचे काय? बेटावर जे ताटात येते त्याला आठ पाय, मैदानात चार, आणि आमच्या शास्त्राला दोन्ही चालत नाहीत. बेटावर निदान बांगड्यासारखी, खवल्यांची मासळी मिळाली. मैदानात भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत.

मिर्कोने ते पाहिले. तो तालुक्याच्या बाजारात गेला आणि एक कोरा तवा घेऊन आला. त्यावर सूर्यफुलाचे तेल घालून त्याने मला अंडी करून दिली. रात्री त्याची बहीण तो तवा वापरेल म्हणून तो तवा उशीखाली घेऊन झोपला. सकाळी त्याच्या गालावर दांड्याचा वळ होता. मला रडू आले. त्याला वाटले अंडी बिघडली, म्हणून त्याने आणखी चार केली.

कलम ६. निकाल. समुद्र, तेल, मासळी आणि निवांतपणा धरून गुण दिले, तर बेट जिंकले. मैदानाला चिखलाचे गुण वजा करावे लागले. ऊर्मीने विचारले, "म्हणजे आंतेकाका ना, लिलीआंटी?" मी आंतेला वर बोलावून सगळ्यांसमोर विचारले, "लग्न कधी करू या?" तो हसला. माणूस फार चांगला आहे. तो म्हणाला, "पोमालो, लिली."

मला त्या शब्दाचे खरे मराठी तेव्हा सापडले. "बघू." एवढे आयुष्य मी त्या शब्दाची वाट बघण्यात काढले आणि आता माझ्यापाशी तेवढा वेळ नाही. मी मिर्कोलाही तेच विचारले. तो खाली गेला, आणि सूट घालून वर आला.

कलम ७. साक्षी. दोघांनाही सही करायला थांबवले होते. ऊर्मी म्हणाली, "जो घरचा होणार त्याने सही करू नये, उगाच नंतर कोर्टात प्रश्न." म्हणून मिर्कोला सही न करता बाजूला बसवले आहे. आता मैदानात राहायचे, म्हणजे मला चिखलाचे बूट घ्यायला हवेत.

कलम ८. रद्दबातल. सगळे लिहून झाल्यावर ऊर्मीने चष्मा काढला आणि सांगितले की इथल्या कायद्याप्रमाणे लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. होणाऱ्या लग्नाचा विचार करून हे केले आहे आणि ते लग्नानंतरही टिकावे, असे एक वाक्य घातले तरच टिकते. "घालू का?" तिने विचारले. मी म्हणाले, "नको." ते वाक्य येथे मुद्दाम घातलेले नाही.

लग्न येत्या मंगळवारी, वीस तारखेला, सिटी हॉलमध्ये. रब्बाय येणार नाहीत, फादर येणार नाहीत, रजिस्टर घेऊन एक बाई येणार आहे. युवल, सारिना, आईच्या लग्नाला कसे जायचे असते हे तुम्हाला कोणी शिकवले नाही, मला कळते. तरी या. तुमच्यावाचून तिथे उभी राहायला मला फार जड जाईल. आंते जेवण करणार आहे.

नवे मृत्युपत्र मी दुसऱ्या दिवशी करीन. कोणाला काय, ते लग्नाला कोण कोण आले ते पाहून ठरवीन.

सही: लिली एझरा थळकर

साक्षीदार (लिलीबाईंनी आम्हा दोघांसमक्ष आणि आम्ही त्यांच्यासमक्ष सही केली):
१. प्रमोदिनी रविकांत सोहनी, गृहिणी, वॉन
२. आंते, निवृत्त प्लास्टरवाला, बेसमेंट (डावी खोली)

तर्जुमा आणि मसुदा: ऊर्मी, वकील. कलम ५ नाइलाजाने ठेवले आहे.

स्थळ: वॉन, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: बुधवार, १४ ऑक्टोबर २००९