कपाळावरचा काळा पट्टा

३ जानेवारी
आरशात पाहिलं. कपाळावर केसांच्या कडेनं काळपट पट्टा, खाजही. मोबाइलवर शोधलं. व्हिटॅमिनची कमतरता. कातडीवर आधी दिसते म्हणे. वेळेत सापडली, त्याला बारीक नजर असावी लागते. केसांना लावतो त्या कलपाच्या पॅकेटचा काही संबंध नाही. केस मुळात काळेच आहेत.
संकल्प: रोज दोन उकडलेली अंडी, ग्लासभर दूध, रविवारी कलेजी. बायकोला तसं बजावलं.

९ जानेवारी
आमटी सपक. पौर्णिमा म्हणते, तिखटानं जीभ जळते. तीस वर्षं ठेचा खाणारी बाई! नवरा आजारी, आणि हिचे नखरे. अंडी खाल्ली. घरात दोनच होती.

१५ जानेवारी, सकाळी ७
उद्या पुतण्याचा साखरपुडा, म्हणून रात्री पॅकेट लावलं. आज पट्टा रुंद. कमतरता वाढतेय, दूध दोन ग्लास करतो. पौर्णिमानं बोटं दाखवली, तिचे सांधे काळे पडलेत. चुलीवरची भांडी घासून होतं, म्हटलं. सगळ्यांनाच कमतरता नसते.

२५ जानेवारी, रविवार
कशेळ्याला जीपमधून उतरताना हिची चप्पल निसटली. या आठवड्यात तिसऱ्यांदा. म्हणते, पायातनं गेलेली कळतच नाही. चालण्यात लक्ष नाही, दुसरं काय. कलेजी आणली. सगळी मला वाढून स्वतः रस्सा घेतला. समजूतदार आहे.

३० जानेवारी
शेवटी डॉक्टरबाईंकडे गेलो. पौर्णिमाला फाइल धरायला नेलं. बाईंनी पट्टा पाहून विचारलं, केसांना काय लावता? थोडंसं, म्हटलं. ते बंद करा, म्हणाल्या. मग त्यांची नजर फाइल धरलेल्या बोटांवर गेली. पौर्णिमाला जीभ दाखवायला लावली. रक्त दोघांचं घेतलं.

३ फेब्रुवारी
माझं सगळं उत्तम. तिचं बी-बारा फार कमी. इंजेक्शनं सुरू.
बाईंनी तिला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, "कोन ध्यान देतंय, बाई."
मी सांगितलं: जीभ नऊ तारखेपासून, बोटं पंधरापासून, चप्पल पंचवीसच्या आठवड्यात. बाई म्हणाल्या, एवढं लक्ष ठेवणारा नवरा पहिल्यांदा पाहिला. पौर्णिमा माझ्याकडे बघतच राहिली. फार लाज वाटली. वहीत हे तक्रारी म्हणून लिहिलंय, ते काही बोललो नाही.
घरी दोनच अंडी होती. दोन्ही तिला वाढली. तिनं एक माझ्या ताटात ठेवलं.
आत्ता लिहिताना लक्षात आलं, ते मी खाल्लं.