कुंकवाची रेघ

फ्रीगंज, उज्जैन
शनिवार, ता. १३ ऑक्टोबर १९५६
खंडेनवमी, दुपारचे दोन

ती. सौ. सुनंदाताईस जयूचा नमस्कार.

तुझी प्रकृती बरी असेल. आठव्यात पाय सुजतात म्हणे, तर निजताना उशीवर ठेवत जा. आईने तुझी खोली चुन्याने पांढरी करून घेतली आहे. इकडे सर्व ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य मी सवयीने लिहिलं. खोडत नाही, कारण खाडाखोड दिसली की तू आधीच घाबरशील.

उद्या दसऱ्याला दादा आपल्या लेकीला न्यायला स्वतःची गाडी घेऊन इंदूरला येणार, हे त्यांनी तुला कळवलंच आहे. त्यांच्या पत्रात आनंदच असणार, म्हणून मी पहिल्यापासून लिहिते.

येत्या एक नोव्हेंबरपासून मध्यभारत राज्य राहणार नाही. दादांचं मोटारखातं भोपाळला जाणार, आणि दादांनी तिकडे जायचं नाकारून पेन्शन घेतली. खात्यातली निकामी झालेली ती मोठी अमेरिकन गाडी त्यांनी लिलावात घेतली. तिची टॅक्सी करायची असा त्यांचा बेत आहे. इंजिन मात्र फुटलेलं. तसंच दुसरं मुंबईहून आणणं आपल्याला झेपणारं नव्हतं. लॉरीचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळत होतं, पण गाडीचं काम करणारे मिस्त्री, उस्ताद, म्हणाले, "साहब, इतना वजन रखोगे तो गाडी नाक रगडते चलेगी." शेवटी लष्कराच्या मोडीतलं जीपचं इंजिन ठरलं. लहान, साधं, पेट्रोलही बेताचं पिणारं. सोबत जीपच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मिळालं.

ते पुस्तक वाचायचं काम माझं. दादा गाडीखाली, उस्ताद भट्टीपाशी आणि मी स्टुलावर. मी वाचून मराठीत सांगायचं, दादांनी ते उस्तादांना हिंदीत सांगायचं. आपल्याला पाटीवर शिकवताना ते काय म्हणत, आठवतं ना? वाचणाऱ्याने एक ओळही गाळायची नाही, ऐकणारा आंधळा असतो. उस्तादांना ते कौतुकाने सांगत, "मेरी लडकी स्कूल बाद में गई, अंग्रेजी पहले सीखी."

इंजिन बसलं, पण त्याच्या तळाची तेलाची टाकी स्टिअरिंगच्या दांड्याला अडू लागली. हा दांडा म्हणजे, आपण चक्र फिरवलं की चाकं ज्याने वळतात तो. उस्तादांनी तो भट्टीत लाल करून वाकवला, टाकीखालून नेला. फार सफाईचं काम झालं. दादांनी त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं, की स्टिअरिंगचा दांडा कधीही तापवू किंवा वाकवू नये, वाकला तर टाकून नवा घालावा.

ताई, ती ओळ मी डोळ्यांनी वाचली, तोंडाने वाचली नाही.

वाचली असती तर नवा दांडा घडवून आणायला महिना गेला असता. दादांनी तर तुला दसऱ्याचं लिहून टाकलं होतं. तुझ्या सासूबाई गेल्या वेळी म्हणाल्या होत्या, "व्याही मोटारखात्यात, अन् लेकीला न्यायला येतात बसने!" ते दादांच्या मनात किती रुतलंय ते मला माहीत आहे. दादांनी गाडीखालून विचारलं, "पुढे काय गं?" मी म्हटलं, "पुढे ब्रेकचं आहे."

परवा टावर चौकात त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. लोक हात करत होते. मी मागे बसले होते आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटत होते.

आज सकाळी हत्यारांची पूजा झाली. पाने, हातोडा, करवत, सगळं पाटावर झेंडूत ठेवलं. उद्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाडीलाही हळदकुंकू लावलं. दादा म्हणाले, "उस्तादांच्या दांड्यालाही लाव." मी खाली सरकून लावलं. तो तेलकट होता, कुंकू पसरलं म्हणून पुसून काढलं. सगळं निघालं. वाकवल्या जागी मात्र केसाएवढी लाल रेघ राहिली.

"दादा, इथे रेघ दिसते."

"कुंकू आहे, पूस."

"तीनदा पुसलं."

"मग रॉकेलने पूस. शुभ दिवशी असं तोंडातून काढू नये."

आई हसली. "हिला लहानपणी ताटावरही रेघा दिसायच्या."

रॉकेलने रेघ गेली. मला बरं वाटलं. तासाभराने पाहिलं तर ती परत आली होती. फटीत शिरलेलं कुंकू हळूहळू बाहेर येत होतं.

उस्ताद देवासला गेले आहेत, सोमवारी येतील. दादा पहाटे निघणार. येताना तू गाडीत असशील. वाटेतल्या सांवेरच्या पुलाचे कठडे किती बुटके आहेत ते तुला माहीत आहे. मला सकाळपासून दुसरं काही दिसत नाही.

जेवणं होऊन दादा निजले. मी पूजेतला पाना उचलला. झेंडू खाली सांडले. चाकांना दगड लावले, दोन्ही टोकं सोडवली आणि दांडा काढला. स्टिअरिंगवर चिठ्ठी बांधली, "गाडी सुरू करू नये."

तो दांडा या पत्रासोबत आहे. शेजारचे यज्ञेश्वरकाका तीनच्या रेल्वेने इंदूरला येताहेत. पुडकं पाहून म्हणाले, "ताईला माहेरून मुसळ पाठवतेस की काय?" मी हो म्हटलं.

तू म्हणशील, दादांना सांगायचं सोडून हा उद्योग कशाला. सांगणार आहे. चारला ते उठतील तेव्हा पुस्तक घेऊन समोर बसेन आणि ती ओळ मोठ्याने वाचेन. ते रागावले तर मी सोसेन. पण ते नुसते गप्प बसले, किंवा "बेटा, मुहूर्त काढलाय" म्हणाले, तर मी स्वतःच दांडा परत आणून देईन, इतकी मी भित्री आहे. एकदा गप्प राहून पाहिलंच आहे. म्हणून तो उज्जैनमध्येच नको.

दादा उद्या रेल्वेने येतील. तुझ्या सासूबाई बोलतील. तू मान खाली घालू नकोस, मी गाडी बिघडवली असं सांग. दांडा कुणाला देऊ नकोस. आधी त्याच्यावरून बोट फिरव. बोटाला काही लागणार नाही, पण रेघ दिसेल.

कागदावरचा लाल डाग पान्यावरच्या कुंकवाचा आहे, घाबरू नकोस. आत दादांची खाट करकरल्याचा आवाज आला. काकाही दारात उभे आहेत.

या पत्रात एकही ओळ न गाळणारी,
तुझी
जयू