पाय कापलेली खुर्ची

मी, खाली सही करणारा सुतार, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. याबद्दल पत्नीचे मत वेगळे असले, तरी गुडघे ठिकाणावर आहेत हे तीही मान्य करील. सहा वर्षांपूर्वी तेही नव्हते.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर पत्नीला. ते विकून तिने तळमजल्यावर जागा घेऊ नये, ही विनंती आहे. हुकूम तिने माझा आजवर एकही ऐकलेला नाही.

कलम २. बँकेत आहे नाही ते सगळे तिलाच. माझ्या चहातली साखर ती दर आठवड्याला चिमूटभर कमी करत गेली आणि तीन महिने मला पत्ता लागू दिला नाही. ताटात भात कमी, डाळ आणि पालेभाजी जास्त, हेही तिचेच काम. वजन नऊ किलो उतरले त्याचे श्रेय मी सगळ्या गल्लीत स्वतःकडे घेतले. ते इथे लेखी परत करतो.

कलम ३. रंधे, पटाश्या आणि करवती मुलीला. जावयाने हात लावू नये. माझ्या पटाशीने त्याने रंगाचा डबा उघडला होता, हे मी विसरलेलो नाही.

कलम ४. खुर्ची. हे जरा सविस्तर लिहावे लागेल. धाकटा भाऊ आणि मी बत्तीस वर्षे एकाच दुकानात काम केले. माझे गुडघे धरले तेव्हा त्याने गादीची खुर्ची आणली आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "दादा, आता तू नुसता बसून राहा." मला ते फार झोंबले. खुर्ची हातगाडीवर घालून घरी आणली आणि त्याच्याशी बोलणे टाकले.

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, याच खुर्चीतून उठायचं. हात न टेकता, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा." मला एकदाही उठता येईना. "मग उंच करा की! सुतार ना तुम्ही?" खुर्चीच्या पायांखाली ठोकळे लावले. जमू लागले तसे ते काढले आणि पुढे दर महिन्याला चारी पाय बोटभर कापत गेलो. सूज आली की शेक आणि विश्रांती, ती उतरली की पुन्हा पाच वेळा उठण्यापासून सुरुवात. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण आता ते मला विचारून येत नसले तरी माझ्या कामात लुडबुड करत नाही. खुर्ची स्टुलाहून बुटकी झाली आहे आणि मी तिच्यातून सरळ उठतो. ती मोडीत काढू नये.

कलम ५. आता धाकट्याचे गुडघे धरले आहेत. चार महिने तो घराबाहेर पडलेला नाही. पूर्वी हे ऐकून मला बरे वाटले असते, आता घास उतरत नाही. ज्या खुर्चीवरून मी रुसलो तिनेच मला उभे केले, आणि हे मी त्याला कधी सांगितले नाही. चूक माझी आहे. त्याच्यासाठी नवी खुर्ची केली आहे, चांगली उंच, पायांवर बोटाबोटावर पेन्सिलीच्या खुणा केलेली.

वकील सांगतात, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी मेल्यावर धाकट्याला काहीही मिळणार नाही. खुर्ची त्याने आजच घ्यावी, जावई पोचवील. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याच्यासाठी रिकामी आहे आणि कागद सहीसाठी त्याच्या घरी पाठवला जाणार नाही. मुलीने तसा निरोप दिला आहे. पहिल्या मजल्यावर टेकायला स्टूल ठेवले आहे. त्याने कठडा धरून सावकाश यावे. मी आणि बाई थांबलो आहोत.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल.
तारीख: अकरा, रविवार सकाळ, नव्या खुर्चीचे पॉलिश वाळले तो दिवस.

सही: थोरला सुतार

साक्षीदार १: फिजिओथेरपिस्ट बाई

साक्षीदार २: धाकटा. चौतीस पायऱ्या, स्टुलावर एकदा बसलो. दादा, पॉलिश अजून हाताला लागतंय.