खडकात राहिलेलं डिझेल

मॅडम, विहिरीच्या पाण्यात डिझेल अजून आहे. काल प्रयोगशाळेनं तसं लेखी कळवलं आणि तिथल्या केमिस्टनं फोन करून पुन्हा सांगितलं, म्हणजे नमुना तपासताना काही चुकलं असेल ही आशाही गेली. पैठण रस्त्यालगतच्या एका वस्तीची ही विहीर. शेजारच्या बंद कारखान्याची जमिनीखालची टाकी गळत राहिली आणि डिझेल खडकात उतरलं. पंप लावून उपसत राहिलो तर पाणी पिण्याजोगं कधी होईल, हे संगणकावर मांडून सांगायचं काम माझ्याकडे आहे.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला लिहावं ते सुचत नाही. जमिनीखालच्या खडकाचे मी चौकोन पाडलेत. कुठल्या चौकोनात पाणी किती, डिझेल किती, कोण कुणाला पुढं ढकलतं, याची गणितं संगणक सोडवत राहतो. तुमचा विद्यार्थी असताना असं पहिलं मॉडेल घेऊन मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी थापताय, पीठभरल्या हातांनी लांबूनच माझी रंगीत चित्रं बघताय. "सगळं छान धुऊन निघालं की रे," म्हणालात, "पण खडकाला विचारलंस का?" दुसऱ्या दिवशी कॉलेजात तुम्ही छिद्राछिद्रांच्या काळ्या दगडावर रॉकेल ओतलंत आणि मला तो नळाखाली ठेवायला लावलात. आठवडाभर पाणी वाहत होतं. शिपाई वैतागला, "मॅडम, शहराला नळ येईना अन् ह्या दगडाला रोज अंघोळ!" तरी दगड नाकाशी नेला की रॉकेलचा वास येतोच आहे. पाणी मोकळ्या वाटेनं निघून जातं, बारीक छिद्रात अडकलेला थेंब जागचा हलत नाही, हे मला तिथं कळलं.

आता माझं मॉडेलही तेच सांगतंय. ज्यांची विहीर, त्या मावशी परवा पंपाशी उभ्या होत्या. "साहेब, तुमच्या कंप्युटरात आमची विहीर कवा साफ व्हती?"

"लई वर्षं लागतील, मावशी."

"म्या बघंन का?"

"नाय."

"मही नात तरी?" मी पंपाचा मीटर वाचायला वळलो, तशा त्या म्हणाल्या, "मग त्या कंप्युटरलाच पाजा हे पानी. त्याला चालतंय."

आज दुपारी मी खडकाची पकड आकड्यांत सैल करून पाहिली. पडद्यावर विहीर स्वच्छ झाली. खोटं आहे हे माहीत असूनही बराच वेळ बघत बसलो, मग पुसून टाकलं. तुम्ही समोर असता तर हे सांगितलं नसतं. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत बैठक आहे. अहवाल वाचला जाईल, पंप बंद करायचं ठरेल, वस्तीला टँकर लागेल. आणि विहीर कायमची झाकायला स्लॅब टाकायच्या आधी मावशी मला पुन्हा एकदा नातीचं विचारतील.