मान हलवायची सवय

प्रिय मोना,

रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय बघ. पत्र्यावर दगडं पडत व्हती. एक पडला की पोरगी दचकून उठायची, तिला गप करस्तोवर दुसरा. आता उजाडलंय, बाहेर बायका दारं झाडायल्यात आणि मी आतनं कडी लावून तुला लिवतोय. सातवी सोडल्यापासनं हातात पेन धरलं न्हाय, चुकलंमाकलं तर वाचून घे. फोनच केला असता गं. पर काल सांच्याला चारपाच बायका दारात आल्या, "कुणाकुणाला पोरं इकलीस, दाव" म्हणल्या आणि माझा मोबाईल हिसकावून घेऊन गेल्या.

तू बचत गटाच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मी पुरा बघितलाय. त्यात आमच्या ह्येंच्या कडेवर एक परकी पोरगी रडतीया, माणसं वराडत्यात, "पोरगी पळवायलास व्हय रं?" आणि ह्ये मान हलवून म्हणत्यात, "व्हय, व्हय." तिथंच संपतंय. म्होरचं त्यात न्हाय. ती पोरगी बाजारात बांगड्याच्या गाड्यापाशी एकटीच रडत हुबी व्हती. ह्येंनी उचलली आणि तिची आई कुठं दिसती का बघत फिरायलते. माणसांनी धरलं, दोन कानाखाली दिल्या, तवर आई पळत आली. श्यामला म्हणून हाय, कुरुंदवाडची. ती उलटी त्या माणसांच्याच अंगावर धावली. "मेल्यांनो, माझी पोर सांभाळली त्येनं आणि त्येलाच मारताय?" पोलिसांनी तिचं ऐकून घेतलं, ह्येंला सोडलं, घराकडं जा म्हणाले. ह्येंला आणाय चौकीत गेलतो तवा तिनंच मला समदं सांगिटलं. पर तिनं तोंड उघडलं तवर सगळ्यांचं मोबाईल खिशात गेलतं.

तू म्हणशील, मी काय खोटं टाकलं का? त्येनं सोताच्या तोंडानं व्हय म्हटलंय की. म्हटलंय. पर ह्येंचं व्हय म्हंजे काय, ते तुला ठाव न्हाय व्हय मोना? यंत्रमागाच्या आवाजात इतकी वर्सं काढली, डावा कान गेला, उजव्यात नुसती गुणगुण ऱ्हायली. कारखान्याच्या खात्यात माग चालू असलं की देखरेखीचा जॉबर काय बोलतो ते कुणालाच ऐकू येत न्हाय. समदी मान हलवत्यात. ह्येंनी न्हाय म्हटलं की तो कानाशी येऊन बोंबलायचा आणि बाकीची हसायची. बहिरा म्हणून कळलं तर माग काढून घेतील, ह्ये भ्या वेगळंच. म्हणून कोण कायबी बोललं की ह्ये हसायचं, मान हलवायची, व्हय म्हणायचं. दुकानात तेच, पावण्यात तेच. मीबी कुणाला सांगिटलं न्हाय. तुला तेवढं सांगिटलं, कारण मुरगूडच्या शाळंत एका बाकावर बसलो आपण, आणि नशिबानं एकाच गल्लीत नांदायला आलो.

माझ्या पोरीच्या बारशाला तूच इचारलंतस, "काय भावजी, हिला म्हायेरी धाडून दुसरी आणायची न्हवं?" आणि ह्ये म्हणालं, "व्हय व्हय, जेवून जावा." पोट धरून हसलो आपण. मीबी हसलो. ह्ये आमच्याकडं बघून हसलं. तवापासनं गल्लीतली पोरंबी तसलंच कायबाय इचारत्यात. मग तो व्हिडिओ तुझ्या हातात आला तवा तुला एकदाबी वाटलं न्हाय व्हय, की वर्षाला इचारून बघू? पाच घरं सोडून तर ऱ्हातो मी. लोकांनी पुढं धाडला ते परकं व्हतं, तेंला काय ठाव. तू मातर वर लिवलंस, "ह्यो आमच्याच गल्लीतला ज्ञानू, गिरणीच्या मागचं घर, पोरं सांभाळा." नाव आणि घर तू दिलंस गं. तुझ्यावर सगळ्या बायकांचा इश्वास हाय, गटाची अध्यक्ष तू. तू सांगिटलं म्हंजे खरंच, असं झालं.

तवापासनं काय चाललंय ते सांगतो. खातेवाल्यानं निरोप धाडला, येऊ नका. दूधवाली दारावरनं न बघता जाती. आमच्या उंबऱ्यावर शेजारचं पोरगं माझ्या पोरीसंगं खेळत बसलतं, तेला आईनं दंडाला धरून वडत न्हेलं. माझी पोरगी तेच्या मागं "दादा, दादा" करत रांगत गेली आणि तिच्या तोंडावर दार लावलं. एक म्हातारी बायडाबाई तेवढी येती. तिच्याकडं मोबाईल न्हाय, म्हणून ती अजून माझ्याशी बोलती. ह्यो कागद तिच्याच हातनं धाडतोय.

ह्येंला तर कायच कळत नव्हतं. माणसांनी का मारलं, दगडं का पडत्यात. काल मोबाईल जायच्या आधी मी तो व्हिडिओ दावला आणि खुणा करून करून सांगिटलं, तुमी कशाला व्हय म्हणालासा. कळलं तवा ह्ये खाली बसलं. सोताच्या तोंडात मारून घ्यायला लागलं. मी हात धरलं तर मलाबी मान हलवून म्हणालं, "व्हय, व्हय."

मोना, भांडायला न्हाय लिवलं मी. आज फाटं कधी माझा जरा डोळा मिटला आणि ह्ये सायकल घेऊन गेलं. पोरीला खुणेनं सांगून गेल्यात जणू, तिच्या मुठीत बिस्कीट व्हतं. बायडाबाईला म्हणालं, कुरुंदवाडला जातो, त्या बाईला घेऊन येतो, ती सांगंल सगळ्यांस्नी. एकटं गेल्यात. तो व्हिडिओ तिकडं समदीकडं गेलाय. वाटंत कुणी अडवून इचारलं, "तूच काय रं तो पोरं पळवणारा?" तर ह्ये काय करतील, तुला म्हाईत हाय. पोरीला घेऊन बाहेर पडावं तर गल्लीच्या तोंडाला पोरं बसल्यात. तू आत्ता, हातातलं टाकून, तुझ्या आवाजात ग्रुपवर बोल. लिवू नको, बोल, तुझा आवाज बायका वळखत्यात. ज्ञानूला ऐकू येत न्हाय, पोरीची आई मिळाली, पोलिसांनी सोडलंय, त्येला हात लावू नका, एवढंच बोल. आणि ज्येंना ज्येंना तू तो धाडलास तेंला हेबी पुढं धाडायला सांग.

तुझीच,
वर्षाराणी

मोना घरात नसली तर ज्येच्या हातात ह्यो कागद पडंल तेंनी, पाया पडतो, माझ्या भावाला फोन करा. पृथ्वीराज नाव, कुरुंदवाडात टेम्पो चालवतो, नंबर मागल्या बाजूला मोठ्ठ्या अक्षरात लिवलाय. तेला म्हणावं, टेम्पो काढ आणि इचलकरंजीच्या रस्त्यानं उलटा ये, दाजी सायकलवर हाईत, निळा शर्ट हाय. हाका मारू नको, तेंला ऐकू जाणार न्हाय, म्होरं जाऊन हुबा ऱ्हा. आधी फोन करा, मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.